मुलांच्या हाती शाळेचं काम

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पेणच्या बाजारात वह्या घेताना किंवा रोह्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना पालकांचं एक बोलणं हमखास कानावर पडतं. "आमच्या मुलीला वर्गप्रतिनिधी केलंय. मान चांगला आहे, पण अभ्यासाचं काय?" दुसऱ्या आईचा प्रश्न त्याहून थेट असतो. "माझा मुलगा हुशार आहे म्हणून बाई त्याला कच्च्या मुलांना शिकवायला बसवतात. शिकवणं हे बाईंचं काम, मग माझ्या मुलाचा वेळ का घालवायचा?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे विद्यार्थ्याला दिलेलं पद, आणि दुसरी म्हणजे एका विद्यार्थ्यानं दुसऱ्याला केलेली सोबत. आधी पद म्हणजे काय ते पाहू, मग सोबतीकडे वळू, आणि शेवटी दोन्हींना कुठे थांबवायचं तेही पाहू.

१. मॉनिटर आला कुठून?

जुन्या गावठी शाळेत पंतोजी एकटे असत आणि लहानमोठी सगळी मुलं एकाच ओसरीवर बसत. मोठा मुलगा पुढे उभा राहून पाढा म्हणे आणि बाकीची त्याच्यामागून म्हणत. धूळपाटीवर अक्षर गिरवणाऱ्या धाकट्याचा हात धरायलाही असाच एखादा मोठा मुलगा असे. ही आपल्याकडची नेहमीची रीत होती.

१७८९ मध्ये अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एग्मोरमधल्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. मलबारी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि तीच पद्धत आपल्या शाळेत आणायचं ठरवलं. शिक्षकांना ते रुचलं नाही. तेव्हा बेल यांनी तो वर्ग जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलाकडे दिला आणि त्यानं तो चांगला चालवला. १७९७ मध्ये बेल यांनी या प्रयोगाचा अहवाल लंडनमध्ये छापला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनीही लंडनच्या गरीब मुलांसाठी अशीच शाळा उभी केली. एक शिक्षक, त्याच्या हाताखाली शिकलेले मॉनिटर आणि समोर शेकडो मुलं, अशी ही पद्धत पाहता पाहता जगभर पसरली.

पुढे ती मागेही पडली. मॉनिटरला स्वतःला जेवढं येई तेवढंच पुढे सरके. घोकंपट्टी चाले, पण मुलानं "का?" विचारलं की गाडी अडे. शिक्षकांचा पगार वाचतो म्हणून ही पद्धत ताणली गेली आणि तिथेच तिचा दोष उघडा पडला. यातून आपला पहिला नियम मिळतो : विद्यार्थी शिक्षकाला हातभार लावू शकतो, पण शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. शिक्षक कमी आहेत म्हणून नववीच्या मुलीला वर्षभर सहावीचा वर्ग सांभाळायला लावणं हा अन्याय आहे. तो त्या मुलीवरही होतो आणि सहावीच्या मुलांवरही.

२. हुकूम आणि जबाबदारी

शिक्षक वर्गाबाहेर गेले की मॉनिटर खडू घेतो आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. यातून मॉनिटर काय शिकतो? इतरांवर नजर ठेवायला. वर्ग काय शिकतो? शिक्षक नसतील तेव्हा मॉनिटरला घाबरायला. आणि मॉनिटरच्या मित्राचं नाव फळ्यावर सहसा येत नाही, हेही सगळ्या वर्गाला ठाऊक असतं.

आता त्याच मुलाला वेगळं काम द्या. शाळेच्या पाण्याच्या टाकीचा एक नळ गळतो आहे. तो नीट होईपर्यंत पाठपुरावा करायचा. त्याला आधी पाहावं लागेल की नळाची चकती गेली आहे की नळच बदलायला हवा. मग शिपाईकाकांना विचारावं लागेल, मुख्याध्यापकांना चार ओळींचा अर्ज लिहावा लागेल, दोन दिवसांनी पुन्हा जाऊन चौकशी करावी लागेल आणि काम झालं की परिपाठात सगळ्यांना सांगावं लागेल. यात कुणावरही हुकूम चालवायचा नाही, तरी नेतृत्वाचं सगळं शिक्षण यात आहे : अडचण नीट पाहणं, योग्य माणसापर्यंत पोचणं, चिकाटी धरणं आणि केलेल्या कामाचा हिशेब देणं.

हा फरक स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी अचूक हेरला होता. १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा मुलांची छोटी पथकं केली आणि प्रत्येक पथकाला मुलांमधलाच एक नायक दिला. तंबू, चूल, लाकूडफाटा ही सगळी कामं पथकाची होती. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाईड्सनं हीच संघपद्धती चालवली. सहा ते आठ जणांचा संघ असला की नायकाला प्रत्येकाचं नाव, घर आणि अडचण माहीत असते. साठ जणांच्या वर्गाला एकच मॉनिटर असेल तर त्याला ओरडण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

म्हणून दुसरा नियम : पद लहान गटाचं असावं आणि त्याला ठरलेलं काम जोडलेलं असावं.

३. पदं मोजकी की पुष्कळ?

माध्यमिक शाळेत कामांची वाण नाही. परिपाठ, ग्रंथालयाची देवघेव, प्रयोगशाळेतली मांडामांड, क्रीडासाहित्य, हरित सेनेची रोपवाटिका, भित्तिपत्रक आणि शाळा सुटताना रस्ता ओलांडून देणारं आरएसपीचं पथक, एवढी कामं तर सहज आठवतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दर वर्गातले दोन विद्यार्थी आरोग्यदूत म्हणून धरले आहेत. ५ सप्टेंबरच्या शिक्षकदिनी दहावीची मुलं साड्या नेसून, टाय लावून एक दिवस शाळा चालवतात. तो स्वयंशासन दिन सगळ्यांना आवडतो, पण तो एकच दिवस असतो.

आता एक हिशेब करू. समजा, रोह्याजवळच्या एखाद्या हायस्कूलच्या आठवीत ४८ मुलं आहेत. सहा-सहा जणांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाकडे एक काम दिलं. गटप्रमुख दर दीड महिन्यानं बदलायचा, असं ठरवलं. सहा जण आणि प्रत्येकाचा दीड महिना, म्हणजे नऊ महिने. शाळेच्या वर्षात सगळ्यांची पाळी येऊन जाते. वर्षअखेरीला एका वर्गप्रतिनिधीऐवजी ४८ मुलांनी काही ना काही सांभाळलेलं असतं.

इथे पालक विचारतात, "जो धड चार वाक्यं बोलत नाही, त्याला गटप्रमुख कसं करायचं?" उत्तर असं की, त्याला बोलण्यापासून सुरुवात करायला लावू नये. तो आधी ग्रंथालयाच्या नोंदी ठेवील, मग गटात हिशेब सांगील आणि वर्षाच्या शेवटी परिपाठात दोन मिनिटं उभा राहील. बोलकेपणा आणि नेतृत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. माईक नेहमी मुलग्याच्या हाती आणि रांगोळी, झाडलोट, पाहुण्यांचा चहा मुलींकडे, ही वाटणीही पाळी बदलताना मोडावी. केरसुणी मुलग्यांनाही पेलते आणि ध्वजारोहणाचं सूत्रसंचालन मुलींनाही जमतं.

४. गागोद्याचा विनायक आणि त्याचे मित्र

नेतृत्व पदाशिवायही उभं राहतं. त्याचा दाखला पेण तालुक्यातच आहे. विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा, ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, म्हणून पुढे कुटुंब तिकडे गेलं. तिथे १९१४ च्या सुमारास विनायकनं आपल्या सोबत्यांना घेऊन विद्यार्थी मंडळ काढलं. मुलांनीच पुस्तकं जमवून ग्रंथालय उभं केलं. ठरल्या दिवशी एकानं विषय मांडायचा, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग प्रश्न विचारायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. कुणी शिक्षकानं सांगितलं म्हणून हे मंडळ निघालं नव्हतं, आणि त्यात कुणाला बिल्ला मिळणार नव्हता. त्या मित्रांपैकी काही जण पुढे आश्रमाच्या कामातही विनोबांसोबत राहिले. बरोबरीच्या मुलांनी एकमेकांना वाचायला आणि विचार करायला लावलं, तर ते नातं किती लांब जातं, हे यातून दिसतं.

शाळेनं मुलांवर विश्वास टाकला तर काय होतं, हे साताऱ्यात दिसलं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये तिथे वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं स्वतः करत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. त्याच काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत आणि मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. मुलांना कामाची लाज वाटू नये असं ज्याला वाटतं, त्यानं ते काम आधी स्वतः करावं, हा त्यातला धडा शिक्षकांसाठी आहे.

५. सोबत म्हणजे काय?

आता दुसऱ्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. हुशार मुलानं दुसऱ्याला का शिकवायचं?

पेणच्या, हमरापूरच्या किंवा जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात एकदा तासभर बसा. नवा पोरगा आल्या आल्या डोळ्यांच्या आखणीला बसत नाही. तो आधी साच्यात माती दाबायला शिकतो, आणि त्याला ते शिकवतो गेल्या वर्षी शिकलेला पोरगा. कोपऱ्यात माती पोकळ राहिली की साच्यातून निघालेल्या सोंडेचा तुकडा पडतो. जुन्या कारागिराच्या हाताला ती दाबण्याची इतकी सवय झालेली असते की नवख्याचं कुठे चुकतंय हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. गेल्या वर्षी ज्याच्या हातून सोंडा तुटल्या, त्याला मात्र ते नेमकं सांगता येतं. वर्गातही असंच होतं. धडा नुकताच समजलेल्या मुलाला तो कुठे अवघड होता हे आठवत असतं.

गणिताचं एक उदाहरण घेऊ. सहावीतला एक मुलगा १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहितो. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. त्याला नियम सांगून झालेला आहे, तरी तो हेच करतो. आठवीतली मुलगी त्याच्याशेजारी बसते आणि वहीच्या पानाची एक लांब पट्टी फाडते. पट्टीला घड्या घालून ती सहा सारखे भाग करते. "अर्धी पट्टी रंगव." तो तीन भाग रंगवतो. "आता एक तृतीयांश." तो आणखी दोन भाग रंगवतो. "किती झाले?" सहापैकी पाच, म्हणजे ५/६. मग ती विचारते, "तुझं उत्तर २/५ होतं. ते अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?" तो थोडा विचार करतो. २/५ अर्ध्यापेक्षा लहान आहे. "मग अर्ध्यात आणखी भर घातल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल?" या प्रश्नानंतर तो ती चूक सहसा पुन्हा करणार नाही.

यात मुलीचा वेळ वाया गेला का? तिला छेद समान का करायचा हे स्वतःला नीट समजून घ्यावं लागलं, कारण न समजलेली गोष्ट दुसऱ्याला पट्टीवर दाखवता येत नाही. शिकवण्याची तयारी करताना मूल स्वतःच्या ज्ञानातल्या फटी बुजवतं. शिकवणाऱ्या मुलालाही फायदा होतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही म्हटलं आहे की, एकमेकांना शिकवण्याचा लाभ दोघांनाही होतो. मात्र हे काम स्वेच्छेनं, आनंदानं आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावं, अशी अटही त्यात आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत अशा मुलांना विषयमित्र म्हणतात.

हुशार आणि कच्चे अशी कायमची वाटणी मात्र करू नये. ती टाळण्याची एक सोपी पद्धत आहे. १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत ती वापरली. तिथल्या वर्गांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एकत्र आली होती आणि तणाव होता. अ‍ॅरन्सननं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा समजायचा तर प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकावंच लागे.

रोह्यात हे कुंडलिका नदीवर करता येईल. चौघांचा गट करायचा. एक जण भिऱ्याचं, १९२७ मध्ये सुरू झालेलं टाटांचं जलविद्युत केंद्र वाचतो. दुसरी मुलगी तिथून सुटणाऱ्या पाण्यावर चालणारं कोलाडचं राफ्टिंग पाहते. तिसरा धाटावची औद्योगिक वसाहत घेतो आणि चौथी रेवदंड्याजवळची खाडी आणि तिथली मासेमारी घेते. चौघांचं एकत्र ऐकल्याशिवाय नदी पूर्ण होत नाही. आणि धाटावला ज्याचे वडील कामाला जातात, त्याच्याकडे पुस्तकात नसलेली माहिती असते.

६. इथे याची गरज कुणाला आहे?

वाडी-वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. तिथून मूल मोठ्या गावातल्या हायस्कूलला येतं तेव्हा सगळंच नवं असतं. दर तासाला शिक्षक बदलतात, वर्गात साठ चेहरे असतात आणि घरी जाणारी एसटी चुकली की पुढची केव्हा, ते माहीत नसतं. गावाकडून येणाऱ्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण त्यासाठी शाळेचा दाखला कुणाकडून आणि केव्हा घ्यायचा, हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. त्याच गावातून येणारी नववीची ताई हे पाच मिनिटांत सांगते. शिवाय ती त्याच गाडीनं येते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात शेजारी बसायलाही असते.

कातकरी मुलांची अडचण याहून मोठी आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या अति असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या महिन्यांत मूल शाळेपासून तुटतं. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो, आणि लाज ही वयाप्रमाणे वाढत जाणारी गोष्ट आहे. चौदाव्या वर्षी ती सहन होत नाही आणि मूल शाळा सोडतं.

अशा मुलासाठी शाळेनं जोडीदार आधीच ठरवून ठेवावा. जोडीदाराकडे तीन कामं असावीत. प्रत्येक विषयात वर्ग कुठवर आला, याची एक पानाची यादी ठेवायची. परतल्यावर पहिल्याच दिवशी त्याला बाकावर शेजारी बसवून घ्यायचं. आणि आठवड्यातून दोन ऑफ तास त्याच्यासोबत बसून एकेक विषय उघडायचा. "तू कुठे होतास?" असं चारचौघांत विचारायचं नाही, हेही जोडीदाराला आधीच शिकवायचं.

ही सोबत एकाच बाजूनं चालली तर तिला उपकाराचा वास येतो. कातकरी मुलाला झाडं, पाखरं, खेकडे आणि मासे नावानिशी ओळखता येतात. हरित सेनेच्या फेरीत पुढे चालायचा मान त्याचा आहे. एका तासाला शिकणारा आणि दुसऱ्या तासाला शिकवणारा, अशी अदलाबदल झाली की तो मुलगा वर्गाचा होतो.

७. कुठे थांबायचं?

काही कामं कोणत्याही विद्यार्थ्याकडे देऊ नयेत. शिक्षा करणं हे त्यातलं पहिलं. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार शिक्षकालाही मुलाला मारण्याचा किंवा मानसिक त्रास देण्याचा अधिकार नाही, मग तो मॉनिटरला कुठून मिळणार? पैसे गोळा करणं आणि उत्तरपत्रिका तपासणं हीसुद्धा मोठ्यांची कामं.

त्याहून नाजूक बाब गुपितांची आहे. मुलं मनातलं मित्राला आधी सांगतात. घरची मारहाण, कुणी केलेला नको तो स्पर्श, जीव नकोसा होणं, अशी गोष्ट कानावर आली तर जोडीदारानं ती मनात ठेवायची नाही. "हे मी एकट्यानं पेलण्यासारखं नाही, आपण बाईंना सांगू," हे वाक्य त्याला जूनमध्येच शिकवायला हवं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे शिक्षकांनाही ती दाबता येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गात मोठ्या अक्षरांत लावलेला असावा.

८. जूनमध्ये सुरुवात कशी करावी?

पहिल्या वर्षी एकच इयत्ता घ्यावी. पाचवीत किंवा आठवीत नव्यानं येणाऱ्या मुलांसाठी दोन वर्षांनी मोठे सोबती निवडावेत, आणि एका सोबत्याकडे दोन किंवा तीनच मुलं द्यावीत. निवड गुणांवर करू नये. "तुला हे करायला आवडेल का?" असं विचारून करावी, आणि एकदा नापास झालेल्या किंवा शाळा सुटता सुटता वाचलेल्या मुलांना मुद्दाम विचारावं. त्यांना काम सांगायला शनिवारचे दोन तास पुरतात. वेळ आठवड्यातून एक तासिका, तीही शाळेच्या वेळेत असावी आणि एक शिक्षक जवळपास असावा. दर महिन्याला सोबत्यांना एकत्र बसवून काय जमलं, काय अडलं ते ऐकावं. सोबत्याचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो आहे असं दिसलं तर त्याला मोकळं करावं. त्यात कमीपणा नाही. पालकांना पहिल्याच सभेत हे सगळं समजावून सांगावं म्हणजे पुढे शंका राहत नाहीत.

अठरा वर्षं पूर्ण झाली की मत देता येतं आणि ग्रामसभेत बसता येतं. पण चारचौघांत उभं राहून अडचण मांडणं, दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेणं, अर्ज लिहून त्याचा पाठपुरावा करणं, मागे राहिलेल्यासाठी थांबणं, हे अठराव्या वाढदिवशी आपोआप येत नाही. ते तेराव्या-चौदाव्या वर्षी गळका नळ दुरुस्त करून घेताना आणि अपूर्णांकाची पट्टी रंगवताना शिकावं लागतं. पेण आणि रोह्याच्या प्रत्येक मुलाला ही संधी शाळेतच मिळाली पाहिजे, कारण अनेकांना ती शाळेबाहेर कुठेच मिळणार नाही.